अकराव्या घरचा हादगा

“उद्या अकरा नंबर,” छबू म्हणाली, आणि घोरपडेकाकूंचा फुटाणे वाटणारा हात तसाच थांबला.

छबू म्हणजे माझी धाकटी बहीण. वय वर्षं पाच, पण बोलायला लागली की पन्नासची वाटायची. घोरपडेकाकूंच्या अंगणात दहाव्या दिवसाचा हादगा नुकताच संपला होता. पाटावर काढलेल्या हत्तीभोवती फेर धरून दहा गाणी म्हणून झाली होती, डबे हलवून, वास घेऊन आणि भांडून दहा खिरापती ओळखून झाल्या होत्या, आणि आम्ही मुली परकर पसरून खात बसलो होतो. घोरपडेकाकू म्हणजे माझ्या मैत्रिणीची, रंजीची आई. त्यांनी आधी माझ्या आईकडं बघितलं, मग फुटाण्यांकडं बघितलं आणि म्हणाल्या, “उद्या बारा नंबरकडं जायचं हं, पोरींनो.”

“अकरा राहिला की,” छबू म्हणाली.

काकूंनी समजूत घातली की कुमू इथं नाही, ती मिरजेला मावशीकडं असते. छबूनं फुटाणे चावत विचार केला. मग म्हणाली, “गेल्या वर्षी मुमताज मामाकडं गेलेली. तरी तिच्या घरी केलाच की आपण.”

आईनं छबूचा हात धरला आणि आज फार उशीर झाला म्हणत तिला ओढत घरी आणलं. ऊन अजून भिंतीवरून उतरलंही नव्हतं.

आमची वसाहत साखर कारखान्याची होती. समोरासमोर आठ-आठ घरं, एकूण सोळा. हादगाही सोळा दिवसांचा. तेव्हा कुण्या शहाण्या बाईनं फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं की पहिला दिवस एक नंबरच्या घरी, दुसरा दोन नंबरच्या, असं करत सोळावा सोळा नंबरच्या घरी. जितकावा दिवस तितकी गाणी आणि तितक्या खिरापती. घरात मुलगी असो नसो, क्रम चुकवायचा नाही. सोळा नंबरची बाई दरवर्षी कपाळाला हात लावायची आणि नवऱ्याला म्हणायची, साहेबांना सांगून घर बदलून घ्या. पण करायची मात्र सोळाच्या सोळा, आणि वर एखादी जास्तच.

अकरा नंबर बाबरांचं. बाबरकाका कारखान्यात फिटर. कुमू त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर.

कुमू मावशीकडं नव्हती. कुमू आषाढात वारली होती.

तिला ताप भरला एका गुरुवारी. शनिवारी सकाळी कारखान्याची जीप आली, काकांनी तिला चादरीत गुंडाळून उचललं, काकू शेजारी बसल्या आणि जीप मिरजेच्या दवाखान्याकडं गेली. जीप परत आली तेव्हा मोकळी होती. पुढचं सगळं बाबरांच्या गावाकडं उरकलं, म्हणून आम्हा पोरींना काहीच दिसलं नाही. पंधरा दिवसांनी काका-काकू दोघंच आले. तोवर वसाहतीतल्या बायकांनी एकत्र बसून ठरवलं होतं की पोरी लहान आहेत, धसका घेतील. त्यांना सांगायचं, कुमूला हवापालटासाठी मावशीकडं ठेवलीय, तिथंच शाळेत जाते.

आमच्या आयांना खोटं बोलायची सवय नव्हती आणि ते लगेच दिसत होतं. शाळेत बाईंनी हजेरी घेताना सतरानंतर एकदम एकोणीस म्हटलं आणि चष्मा काढून पुसत बसल्या. रंजीनं घरी कुमूचं विचारलं तर तिची आई कांदा न चिरताच रडायला लागली. मुमताजला तिच्या दादीनं सरळ सांगून टाकलं आणि कुणाला बोलू नकोस म्हणून बजावलं. मी झोपलेय असं समजून आई-बाबा बोलले, त्यातून मला कळलं. मग आम्ही सगळ्या पाण्याच्या टाकीमागं जमलो आणि पोटभर रडलो. रडून झाल्यावर रंजीनं सगळ्यांना गळ्याची शपथ घातली. आयांना कळू द्यायचं नाही की आपल्याला माहीत आहे. त्यांना सोसवत नाही.

झालं. तेव्हापासून आया आम्हाला जपत होत्या आणि आम्ही आयांना. आई भात वाढता वाढता म्हणायची, कुमूला तिकडं मैत्रिणी मिळाल्या म्हणे. मी म्हणायची, बरं झालं. तेवढ्यानं आईचा चेहरा जरा सैल व्हायचा. एकदा ती दिवसभर गप्पगप्प होती, तर मीच होऊन विचारलं, कुमूला तिकडचं पाणी मानवलं का ग. आईनं मानवलं म्हणून सांगितलं आणि उठून मोरीत गेली. मला वाटलं, चला, तिला बोलायला काहीतरी मिळालं. किती शहाणी समजत होते मी स्वतःला.

ही मावशीची गोष्ट मनापासून खरी मानणारं वसाहतीत एकच माणूस होतं, ते म्हणजे छबू. टाकीमागं तिला आम्ही नेलंच नव्हतं. तिच्या पोटात काही राहायचं नाही.

राहिल्या बाबरकाकू. त्यांचं दार आषाढापासून बंद. पाणी भरायला त्या सगळ्यांच्या आधी येऊन जायच्या. आम्ही रस्त्यावर खेळायला आलो की त्यांच्या खिडकीचा पडदा ओढला जायचा. याच काकू आधी आम्हाला हाका मारमारून बोलवायच्या, वेण्या घालून द्यायच्या, कुणाची रिबीन सुटलेली त्यांना बघवायची नाही. आता त्यांना आमचा राग येत असणार, असं मी मनाशी धरलं होतं. आम्ही सगळ्या आहोत आणि त्यांचीच कुमू नाही. कुठल्या आईला हे बघायला आवडेल? म्हणून अकरा नंबरवरून जाताना मी चपला हातात घ्यायची. माझं असणं त्यांना ऐकू येऊ नये म्हणून.

तर त्या संध्याकाळी बायका पुन्हा नळावर जमल्या आणि त्यांनी जुन्या खोट्यावर एक नवीन खोटं रचलं. रात्री जेवताना आईनं ते आम्हाला सांगितलं. बाबरकाकूंना बरं नाही, म्हणून उद्या बारा नंबर. छबू काही बोलली नाही, गपगुमान जेवली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी केस विंचरत होते तर छबू घरात नाही. बाहेर येऊन बघते तर ही अकरा नंबरच्या पायरीवर उभी, एका हातात आमच्या घरातलं लिंबू, आणि दुसऱ्या हातानं दार वाजवतेय. मी पळत गेले, पण मी पोचायला आणि दार उघडायला एकच गाठ पडली.

काकू वाळून गेल्या होत्या. केसांना तेल नव्हतं, तरी अंबाडा घट्ट बांधलेला. त्यांनी छबूकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली.

“काकू, तुम्हाला बरं नाही ना?” छबू म्हणाली. “हे घ्या लिंबू. सरबत करून प्या. मग दुपारपर्यंत बरं वाटलं तर खिरापती करा. अकरा नाही जमल्या तर कमी करा. मी कुणाला सांगत नाही.”

काकूंनी लिंबू घेतलं. बराच वेळ त्या ते नुसतं हातात फिरवत राहिल्या.

“आज अकरावा दिवस का ग?” त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली.

“आणि मला बरं नाही, असं कोण म्हणालं?”

“सगळ्याच,” छबू म्हणाली.

काकूंनी समोरच्या घरांकडं एक नजर टाकली. कुठल्याकुठल्या दारांतून कोणकोण बघत होतं ते त्यांना दिसलं असणार. मग त्या म्हणाल्या, “बरी आहे मी. पाच वाजता या. सगळ्यांना सांगा.”

छबू उड्या मारत गेली आणि पहिल्या घरापासून सोळाव्या घरापर्यंत सांगत सुटली. मी घरी जाऊन आईसमोर उभी राहिले. आईच्या हातात पोळी होती, ती तव्यावर टाकायची राहून गेली. मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. पण आई नुसतीच म्हणाली, “काय केलंत ग हे,” आणि पदरानं हात पुसत बाहेर पडली. मी मागोमाग गेले. कुणाला दिसणार नाही अशी भिंतीआडून डोकावत राहिले.

अकरा नंबरच्या मागच्या दाराशी आई, घोरपडेकाकू आणि आणखी चार-पाच जणी उभ्या होत्या. आत बाबरकाकूंनी स्टोव्हवर कढई चढवली होती. घोरपडेकाकू हळू आवाजात समजावत होत्या की वहिनी, पोरींचं काय मनावर घेता, अजून तीनच महिने होतायत, घरात वर्षभर सणवार नाही, लोक काय म्हणतील, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला झेपणार नाही. बाबरकाकू पाठमोऱ्या बसून काहीतरी चिरत होत्या.

“पोरींच्या लेखी कुमू मावशीकडं आहे ना?” त्या वळूनही न बघता म्हणाल्या. “तुम्हीच सांगितलंय सगळ्यांनी. मग माझ्या घरात सण का नाही, ते पोरींना सांगा तुम्ही. मी नाही सांगायची.”

माझी आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, ती म्हणाली, “वहिनी, मग निदान सगळं एकट्या करू नका. आम्ही एकेक डबा आणतो.” बाबरकाकूंनी कढईखालचा स्टोव्ह मोठा केला.

तो रविवार मी जन्मात विसरणार नाही. घरोघरी काहीतरी तळायला लागलं आणि घरोघरी एकच तंबी मिळायला लागली: काकूंसमोर कुमूचं नाव काढायचं नाही. आईनं मला दोनदा बजावलं. कारण मात्र तिला देता येईना. ती म्हणे, काकूंना कुमूची आठवण येते ना, इतक्या लांब आहे ती. मी म्हणाले, हो, मिरज लांबच आहे. आम्ही दोघी एकमेकींकडं न बघता बोलत होतो. छबूला घरीच ठेवायचं आईनं ठरवलं होतं, पण छबूनं असा काही सूर लावला की बाबांनीच पेपर खाली ठेवून सांगितलं, ने बाई तिला, नाहीतर कारखान्याचा भोंगा आहे समजून माणसं कामावर जातील. शेवटी आईनं तिलाही तंबी दिली. छबूनं विचारलं, कुमूचं नाव का नाही घ्यायचं? आई म्हणाली, मी सांगते म्हणून.

पाच वाजता आम्ही गेलो. अंगण सारवलेलं होतं. मधोमध पाट, त्यावर तांदळानं काढलेला हत्ती. काकूंनी इरकली लुगडं नेसलं होतं आणि केसांना तेल लावलं होतं. बाबरकाका घरात नव्हते, त्यांना त्या दिवशी दुपारची पाळी होती. आमच्या आया आत आल्या नाहीत. कुंपणाच्या मेंदीपलीकडं ओळीनं उभ्या राहिल्या, जशा काही कुठल्याही क्षणी धावत आत येऊन कुणाला तरी उचलून न्यावं लागणार होतं.

आम्ही फेर धरला. पहिली दोन गाणी कुणाच्या तोंडातून धड बाहेर पडेनात. कुमूचा आवाज मोठा होता, तिच्या मागून म्हणायची आम्हाला सवय. तिसऱ्या गाण्याला रंजीनं जोर लावला, मग मुमताजनं, मग आपोआप सगळ्यांचाच आवाज लागला. काकू पायरीवर बसून बघत होत्या. एकेका पोरीचा चेहरा त्या नीट निरखत होत्या. माझ्यावर त्यांची नजर आली की माझी पावलं चुकायची. अकरा गाणी संपली.

मग खिरापती. दहा डबे तर न हलवताही ओळखता आले असते, कारण स्टीलच्या डब्यांवर आमच्याच आयांची नावं कोरलेली. कुणाच्या घरात सकाळपासून काय तळत होतं ते आम्हाला पाठ होतं. कडबोळी, शंकरपाळी, तिखट पुऱ्या, खोबऱ्याच्या वड्या, भराभर ओळखून झालं. अकरावा डबा पितळेचा होता. तो काकूंचा स्वतःचा.

त्यानं मात्र आमची परीक्षा घेतली. हलवला तर खुळखुळ वाजायचा. वास घेऊ दिला नाही. आम्ही विचारलं, गोड का तिखट? काकू म्हणाल्या, दोन्ही नाही. चिवडा, शेव, पापडाचे तुकडे, मक्याच्या लाह्या, चकली, भाजलेल्या चिंचोक्यांपर्यंत आम्ही गेलो. काकू प्रत्येकाला मान हलवत राहिल्या, आणि दर वेळी त्यांच्या चेहऱ्यावर किंचित हसू येऊन जायचं. रंजी खिरापत ओळखण्यात अख्ख्या वसाहतीत पटाईत, पण तीही गांगरली. शेवटी हरलो म्हणायचं तेवढं बाकी राहिलं.

“कुमूला माहीत असणार,” छबू म्हणाली.

कुंपणापलीकडं कुणीतरी श्वास आत ओढला. मी छबूच्या दंडाला चिमटा काढला. तिनं माझा हात झटकला.

“चिमटा काय काढतेस? ती डब्यात आधीच बघून ठेवायची आणि आपल्याला खुणा करायची. काकू, तिला पत्र पाठवून विचारा ना. तिचं उत्तर येईपर्यंत डबा उघडू नका.”

घोरपडेकाकू मोठ्यानं हसल्या आणि कुंपणावरूनच म्हणाल्या, आता फार झालं, उघडा वहिनी डबा, पोरी दमल्या. पण बाबरकाकूंनी डबा उघडला नाही. त्यांनी तो बाजूला ठेवला, पायरीवरून उतरून छबूसमोर खाली बसल्या आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

“छबू, कुमू मावशीकडं नाही.”

“वहिनी,” माझी आई म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. काकूंनी मागं न बघता नुसता हात वर केला, थांबा म्हणून.

“कुमू वारली बाळा. आषाढात. ताप आलेला ना तिला, त्या तापात गेली.”

छबूनं त्यांच्याकडं टक लावून बघितलं. “मेली?”

“हो.”

“मग ती येणार नाही?”

“नाही.”

छबूनं ओठ बाहेर काढला. ती आता रडणार असं वाटलं, पण ती वळली माझ्याकडं. “ताई, तुला माहीत होतं?”

सगळं अंगण माझ्याकडं बघत होतं. आईही. गळ्याची शपथ घेतलेली, आणि आईला सोसणार नाही म्हणून तीन महिने सांभाळलेलं सगळं आता माझ्या तोंडाशी आलं होतं. खोटं बोलले असते तर छबूनं आयुष्यभर माझं काही खरं मानलं नसतं. आणि काकू समोर बसल्या होत्या, पडदा न ओढता, माझ्याकडं बघत.

“हो,” मी म्हणाले. “मला माहीत होतं.”

“मला पण,” मुमताज म्हणाली.

“मला पण,” रंजी म्हणाली, आणि मग एकापाठोपाठ एक सगळ्याच. कुणी आधी कुणी नंतर, कुणी रडत. कुंपणापलीकडं आमच्या आया अशा उभ्या होत्या, जणू कुणी त्यांच्या तोंडात मारली होती.

“सगळ्यांना?” काकूंनी विचारलं. “कधीपासून?”

रंजीनं नाक पुसत सांगितलं की पहिल्यापासूनच. शाळेत हजेरीत कुमूचा नंबर घेत नाहीत. आम्ही आयांना सांगितलं नाही, कारण त्यांना फार वाईट वाटतं. त्या रडतात. आणि तुमच्याकडं आलो नाही, कारण आम्हाला बघून तुम्हाला राग येतो.

“मला राग?” काकू म्हणाल्या.

“तुम्ही पडदा ओढता,” मी म्हणाले. एवढं बोलल्यावर मला रडू आवरेना.

काकू जमिनीवरच मांडी घालून बसल्या. छबूचे हात त्यांनी सोडले नव्हते. त्या माझ्याकडं बघून बोलल्या, पण ऐकवलं त्यांनी कुंपणापलीकडं.

“मला सगळ्याजणी म्हणाल्या, पोरींना कळता कामा नये. तुम्ही पोरींसमोर आलात, रडलात, तर पोरी धसका घेतील. मला तर तुम्हाला बघितलं की रडू यायचंच. म्हणून दार लावून घ्यायचे. पडद्याआडून बघत बसायचे तुम्हाला, रोज. कुणाची वेणी सुटली ते दिसायचं, पण बाहेर यायची सोय नाही. मग मी तीन महिने कुणासाठी ग बसले आत?”

पहिल्यांदा आत आली ती माझी आई. मेंदीच्या कुंपणाला फाटक होतं, पण ती मेंदीतूनच आली, लुगडं अडकलं तरी थांबली नाही. काकूंशेजारी धपकन बसली आणि म्हणाली, “आम्ही एकटीला टाकलं तुम्हाला. जपतो जपतो म्हणत एकटीला टाकलं.” मग घोरपडेकाकू आल्या, मग बाकीच्या. आम्हा पोरींमधूनच वाट काढून सगळ्या त्या हत्तीच्या पाटाभोवती बसल्या. हत्तीचे तांदूळ विस्कटले, तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

छबूचं मात्र लक्ष होतं. तिनं दोन मिनिटं रडून घेतलं आणि डोळे पुसून विचारलं, “आता कुमूचा वाटा कुणाचा?”

“छबे,” आई ओरडली.

“ओरडू नका तिला,” बाबरकाकू म्हणाल्या. “तुझा. घे.” आणि त्यांनी पितळेचा डबा उघडला.

आत कारल्याच्या चकत्या होत्या, कुरकुरीत तळलेल्या. छबूनं मूठभर तोंडात कोंबल्या आणि तिचा जो काही चेहरा झाला, तो बघून मुमताजला रडता रडता उचकी लागली.

“तिनंच सांगून ठेवलेलं,” काकू म्हणाल्या. “गेल्या वर्षी. रंजी सगळं ओळखते म्हणून चिडलेली. मला म्हणाली, आई, पुढच्या वर्षी कारलं कर. कारलं खिरापतीला कोण करतं? मेली तरी ओळखणार नाही.” मग त्यांनी बायकांकडं बघितलं. “एक सांगू का? त्या दिवसापासून कुणाला सांगितलेलं नाही.”

काकू पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळत होत्या.

“जीपमधनं नेत होतो ना तिला. अंगात एवढा ताप, डोळे मिटलेले. हे पुढं बसलेले, मागं वळून वळून बघत होते. मालगावच्या पुढं रस्ता असला खराब, जीप एका खड्ड्यात धाडकन आदळली. तर ही डोळे न उघडताच म्हणते कशी, ‘बाबा, तुम्ही फिटर आहात ना? मग आधी ही जीप दुरुस्त करा, मग मला करा.’ ड्रायव्हर हसला. हे हसले. आणि मी पण हसले हो. खदखदून हसले. मला वाटलं, अशी बोलतेय म्हणजे बरी होणार. त्यानंतर ती बोललीच नाही. आणि मी हे कुणाला सांगू? पोर हातातनं जात होती आणि आम्ही तिघं हसत होतो, असं कुणाला सांगायचं?”

मग घोरपडेकाकूंच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला. त्यांनी पदर तोंडाशी धरला, पण हसू काही थांबेना. “आधी जीप दुरुस्त करा,” त्या कशाबशा म्हणाल्या, “अगदी तिचंच बोलणं ते,” आणि हसता हसता हमसून रडायला लागल्या. मग रंजी हसली. मग मी. मग आई. बाबरकाकू सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होत्या, यातली कुणी आपल्याला दोष देतेय का ते शोधत होत्या. कुणीच देत नव्हतं. तेव्हा त्याही हसल्या. तीन महिन्यांनी आम्ही त्यांचा आवाज एवढा मोठा ऐकला.

“अजून सांगू तिचं?” त्यांनी विचारलं.

माझी आई वसाहतीत सगळ्यांना अहो-जाहो करणारी बाई. तिनं काकूंचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि म्हणाली, “सांग ग इंदू.”

काकू सांगायला लागल्या. दिवेलागण झाली, घराघरांत चुली थंड होत्या, पुरुष माणसं दाराशी येऊन बघून परत जात होती. आणि त्या दिवशी आम्हा पोरींना कुणीही म्हटलं नाही, की जा, तुम्ही बाहेर खेळा.